शब्द सुचवा: फितूर, मवाळ की आणखी काही? (डार्सी मॅक्गीवरचा लेख)

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या, म्हणजे ओटावाच्या, दिवाळी अंकासाठी थॉमस डार्सी मॅक्गीवर लेख लिहितेय आणि एका परिच्छेदावर पार अडकलेय.

माणूस थोडक्यात सांगते. जन्म १८२५चा, आयर्लंडमधला. इंग्रजांविरुद्धच्या १८४८च्या उठावात होता. तो फसला तेव्हा पाद्र्याच्या वेषात अमेरिकेला निसटला आणि तिथे वर्तमानपत्रं चालवली. १८५७ साली मॉन्ट्रियलला आला, निवडून आला, पुढे मंत्री झाला. १८६४च्या शार्लटटाउन आणि क्वेबेकच्या परिषदांना तो हजर होता, म्हणजे कॅनडाचं संघराज्य घडवणाऱ्यांतला एक.

ज्या राणीचं राज्य उलथवायला निघाला, तिच्याच छत्राखाली नवा देश उभारायला त्याने जीव ओतला. अमेरिकेतून कॅनडावर चालून येणाऱ्या फेनियन, म्हणजे इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेल्या, आयरिशांवर तो उघड तुटून पडला, तेव्हा त्याच्याच लोकांतले कित्येक त्याला गद्दार म्हणू लागले.

७ एप्रिल १८६८. संसदेत भाषण करून पहाटे दोनच्या सुमारास तो स्पार्क्स स्ट्रीटवरच्या बिऱ्हाडी परतला. दाराशी उभा असताना मागून डोक्यात गोळी घातली. मॉन्ट्रियलला अंत्ययात्रा निघाली १३ एप्रिलला, त्याच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी. या खुनासाठी पॅट्रिक व्हेलनला १८६९मध्ये फाशी झाली, पण गोळी मी झाडली नाही हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. खटल्यात खुद्द पंतप्रधान मॅकडोनाल्ड न्यायाधीशांच्या शेजारी बसले होते! ते वाचल्यापासून मला त्या निकालाची खात्री वाटत नाही.

इथल्या बायटाउन म्युझियममध्ये मॅक्गीच्या हाताचा प्लॅस्टरचा साचा आहे. गोळीने चेहरा बिघडला होता, म्हणून हाताचा घेतला. आयुष्यभर लिहिणारा हात तो. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते, आणि घरी येऊन 'फितूर' हा शब्द खोडला.

कारण फितूर म्हटलं की पैसा किंवा पद घेऊन शत्रूला मिळालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. याने अमेरिकी शहरांतली आयरिश मजुरांची दैना पाहिली होती. कॅनडात कॅथलिकांना त्यांच्या शाळा मिळाव्यात म्हणून तो भांडला. 'मतपरिवर्तन' फारच गुळगुळीत वाटतं. 'जहालाचा मवाळ झाला' म्हणावं, तर वाचक थेट टिळक-गोखल्यांकडे जातील.

त्याचं वळणही कळेल आणि लोकांचा संतापही झाकला जाणार नाही, असा शब्द किंवा वाक्प्रचार कुणाला सुचतोय का? जुन्या बखरीतला, बोलीतला, कुठलाही चालेल. मजकूर रविवारी द्यायचा आहे.