कस्टर्ड पाय ‘सेट’ होतो, त्याला मराठीत काय म्हणावे?

कर्दळ
माझ्या मुलीचे सासर अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही तिथे होतो, तेव्हा विहीणबाईंनी त्यांच्या आईची कस्टर्ड पायची कृती एका जुन्या कार्डावरून मला उतरवून दिली. साहित्य अगदी साधे आहे. चार अंडी, अर्धा कप साखर, पाव चमचा मीठ, अडीच कप गरम दूध आणि एक चमचा व्हॅनिला एकत्र करून ते ९ इंचांच्या ताटलीत अंथरलेल्या पारीत ओतायचे, वर जायफळ किसायचे आणि ओव्हनमध्ये ठेवायचे. ही कृती मी मराठीत लिहून सांगलीला वहिनींकडे पाठवली आणि तिथे दोनदा घोटाळा झाला. पहिल्या खेपेला वहिनींनी ‘कस्टर्ड’ या शब्दावर विसंबून पिवळी पावडर दुधात शिजवून पारीत ओतली आणि त्याची खळ झाली. दुसऱ्या खेपेला त्यांनी अंडी घेतली, पण मी ‘घट्ट होईपर्यंत भाजावे’ असे लिहिले असल्यामुळे तो मध्यापर्यंत घट्ट होईस्तोवर आत ठेवला. तो भेगाळला आणि त्याला पाणी सुटले. दोन्ही वेळा चूक वहिनींची नव्हती, माझ्या मराठीची होती. कार्डावरची ओळ अशी आहे की कडा ‘सेट’ झालेल्या असाव्यात आणि मध्य किंचित हलता असावा. या ‘सेट’साठी मराठी क्रियापद कोणते? येत्या दिवाळीला सगळे सांगलीत जमणार आहेत, त्याआधी मला ही ओळ नीट लिहून द्यायची आहे.

बोरू
आपल्याकडे या कामासाठी क्रियापदांची वाण नाही, उलट ती इतकी आहेत की निवडताना सावध राहावे लागते. तूप थिजते ते गारव्याने, पिठले आळते ते चुलीवर पीठ फुगून आणि पाणी आटून, रक्त साकळते, आणि वडी पडते ती पाक नेमका आला असेल तरच. यातले प्रत्येक क्रियापद घट्ट होण्याचे कारणही पोटात घेऊन असते, म्हणून एकाच्या जागी दुसरे ठेवता येत नाही. कस्टर्ड उष्णतेने घट्ट होते, तेव्हा ‘थिजणे’ चुकीचे ठरेल. आणि त्याला कोणी ढवळत नाही, तेव्हा ‘आळणे’ही बसणार नाही. माझ्या मते ‘लागणे’ घ्यावे. दही लागते तेव्हा ते भांड्यात न हलवता, एकसंध आणि कापता येईल असे होते, आणि भांडे हलवले तर मध्ये थरथरते. विहीणबाईंच्या कार्डावर जे वर्णन आहे, ते हेच आहे.

सांडशी
बोरू, तुमचे विवेचन पटले, पण निष्कर्ष पटला नाही. दही लागते हे खरे, परंतु दूध लागले असे म्हटले की ते बुडाला करपले हाच अर्थ होतो. कस्टर्डमध्ये दूधच आहे आणि ते विस्तवाच्या धगीतच आहे, म्हणून ‘कस्टर्ड लागेपर्यंत ठेवावे’ हे वाक्य वाचून कोणतीही गृहिणी घाबरेल. माझी आजी खरवस करताना कुकरचे झाकण उघडून ‘धरला का बघ’ असे म्हणत असे. मी डब्याची कडा बोटाने हलकेच दाबून पाहायचे, आणि बोट उचलताच ती जागा पुन्हा वर यायची, म्हणजे धरला. साय धरते, बाळ बाळसे धरते, तसाच खरवस धरतो. मला ‘कडा धरलेल्या असाव्यात’ हे सर्वांत नेमके वाटते.

उंबरठा
आमच्या घरात खरवस ‘बसतो’, कधीही ‘धरत’ नाही. माझे सगळे आयुष्य दुभत्या जनावरांच्या घरात गेले आहे आणि मी हा प्रयोग आज प्रथमच वाचते आहे. ‘धरणे’ म्हटले की मला पोळी तव्याला धरल्याचेच आठवते.

सांडशी
आपल्या घरी म्हणत नसतील, आमच्या घरी म्हणत असत. आजीच्या तोंडचा शब्द दुसऱ्या कोणी ऐकला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

मुळाक्षर
क्रियापदाआधी नामाचा विचार करावा, कारण वहिनींचा पहिला घोटाळा नामाने केला. खरवसाचा उल्लेख निघालाच आहे, तर ‘कस्टर्ड’ला ‘अंड्याचा खरवस’ असे का म्हणू नये? गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकात उष्णतेने गोठणारी प्रथिने भरपूर असतात, म्हणून तो नुसत्या वाफेवर घट्ट होतो. कस्टर्डमध्ये तेच काम अंड्यातली प्रथिने करतात. पदार्थाची जात एक, पोत एक, आणि वर जायफळही दोन्हीकडे. आपला शब्द उपलब्ध असताना परक्या शब्दाला कवटाळून बसणे मला क्लेशदायक वाटते.

उंबरठा
खरवस हा शब्द चिकाचाच राहू द्यावा. चायना ग्रास घालून केलेल्या वड्यांना दुकानात खरवस म्हणतात, तेच मला सहन होत नाही, तिथे अंड्याचे मिश्रण कोठून सहन होणार? गाय व्याली की पहिल्या दिवशीच्या दाट चिकात किती दूध घालायचे आणि तिसऱ्या दिवशीच्या चिकात किती, हे ज्ञान त्या शब्दाला चिकटलेले आहे. तो शब्द पातळ केला तर ते ज्ञानही जाईल.

बोरू
चिकाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवतो, कारण मला ती या चर्चेच्या मुळाशी वाटते. मराठीत चीक दोन आहेत. एक गाईम्हशीचा, ज्याचा खरवस होतो. दुसरा गव्हाचा, जो भिजवून वाटून काढतात आणि कुरडयांसाठी शिजवतात. पहिला प्रथिनांनी घट्ट होतो, दुसरा पिष्टाने. कस्टर्डच्या बाबतीत इंग्रजीतही हेच घडले आहे. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी, पत्नीला अंडी सोसत नसत म्हणून, मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पावडर तयार केली, आणि अंड्याचे नाव पिष्टाला मिळाले. आपल्या घरांत कस्टर्ड आले ते या पावडरीच्या रूपाने, केळी-सफरचंदाच्या फोडींसह. म्हणजे कर्दळताईंच्या वहिनींनी गव्हाच्या चिकाचे कस्टर्ड केले आणि कार्डाला गाईच्या चिकाचे हवे होते.
आणखी पुढे गेलो तर ‘कस्टर्ड’ हा शब्दच मुळात आतल्या सारणाचा नाही. मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘क्रुस्ताद’चे हे बदललेले रूप आहे आणि त्याचे मूळ लॅटिन ‘क्रुस्ता’, म्हणजे कवच. मध्ययुगात क्रुस्ताद म्हणजे अंडे-दूध, मांस किंवा फळे भरलेली पारीच होती. पुढे नाव पारीवरून सारणावर सरकले. या हिशेबाने ‘कस्टर्ड पाय’ म्हणजे पारीची पारी.

मुळाक्षर
मग तर माझेच म्हणणे सिद्ध होते. ज्या शब्दाने स्वतःच्या भाषेत दोनदा अर्थ बदलला, त्याच्याशी आपण निष्ठा का ठेवावी?

बोरू
तीळ गाळून निघते ते तेल, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे, तरी आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतो. अर्थ सरकला म्हणून शब्द टाकायचा ठरवले, तर स्वयंपाकघरात फारच थोडे शब्द उरतील.

पाणवठा
मुंबईत राहणाऱ्यांना अंड्याचे भाजलेले कस्टर्ड नवे नाही. पारशी लग्नांत ‘लगन नु कस्टर्ड’ असते, आणि आटवलेले दूध, अंडी, साखर, वेलदोडा व जायफळ असे ते वरून तांबूस होईपर्यंत भाजतात. फक्त त्याला खाली पारी नसते. तेव्हा वहिनींना ‘लगनच्या कस्टर्डासारखे’ असे लिहिले तर पुरे.
पारीबद्दलही थोडे लिहितो. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, पण पायच्या पारीला लोणी थंड आणि बारीक खडे राहतील असे चोळतात, आणि त्या खड्यांमुळेच पापुद्रे सुटतात. त्यामुळे ‘मोहन घालावे’ असे लिहिले असेल, तर ‘गार मोहन’ असे स्पष्ट करावे. आणि तो पाय की ती पाय? माझी बहीण ‘ॲपल पाय केली’ म्हणते, मी ‘केला’ म्हणतो.

सांडशी
पाय पुल्लिंगीच. आपल्या शरीराच्या पायामुळे कानाला ती सवय आहे. पावाचेही असेच आहे, पायाने कणीक तुडवतात म्हणून पाव, असे आम्हाला लहानपणी सांगितले जाई.

बोरू
ती लोकव्युत्पत्ती आहे. पाव हा पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ केवळ भाकरी-पाव इतकाच आहे.

कर्दळ
सर्वांचे आभार मानते, पण माझी ओळ अजून अपुरी आहे. काल मी स्वतः पुन्हा करून पाहिला. आधी ४२५ अंश फॅरनहाइटवर दहा मिनिटे आणि मग ३५० वर साधारण अर्धा तास ठेवला, आणि दर पाच मिनिटांनी ताटली किंचित हलवून पाहिली. सुरुवातीला सगळे मिश्रण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाटेसारखे हिंदकळत होते. नंतर कडा स्थिर झाल्या, आणि मधला रुपयाहून थोडा मोठा भाग हिंदकळायचा थांबून जागच्या जागी थरथरू लागला. तेव्हा तापमापक मध्यात खुपसला, तो ८० अंश सेल्सिअसच्या जरा खाली होता. मी लगेच बाहेर काढला, आणि गार होता होता उरलेला मध्य आपोआप घट्ट झाला. म्हणून आता असे लिहिते आहे: ‘कडा बसलेल्या असाव्यात, मध्य हिंदकळू नये, थरथरावा.’ ‘बसलेल्या’ हा शब्द उंबरठा यांचा घेतला आहे, सांडशी यांनी राग मानू नये.

सांडशी
राग नाही, परंतु पीठ बसते, गाळ बसतो, घसाही बसतो, आणि या प्रत्येकात काहीतरी खाली जाते. खरवस खाली जात नाही, तो आहे त्या जागी एकजीव होतो. ‘धरलेल्या’ लिहून वहिनींना एकदा वाचून तरी दाखवावे.

पाणवठा
आणि ‘गरम दूध’ म्हणजे किती गरम, हेही लिहावे. आपल्याकडे दूध तापव म्हटले की ते उतू येईपर्यंत तापवतात. कार्डात बहुधा कडेने बुडबुडे येण्याइतकेच अपेक्षित असणार.