अनुभव धागा: प्रोजेक्ट झोम्बॉइड (झोम्बींच्या जगात तग धरायचा कॉम्प्युटर गेम), जुन्या बिल्डपासून (आवृत्तीपासून) बिल्ड ४२ पर्यंत तुम्हाला काय भावलं?

मांडवीकाठ
काल पावसात लाईट गेली तर धाकटा चुलतभाऊ विचारतो, दादा जनरेटर घरातच लावूया का, म्हटलं गेममध्ये धुराने मरतोस ना, तसाच खऱ्यातही मरशील, बाहेर, घरापासून लांब लाव. त्यावरून जुने दिवस आठवले. २०१३ ला हा गेम स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) अर्ली अ‍ॅक्सेसला, म्हणजे अर्धवट तयार असतानाच आला, तेव्हाचा त्यातला माणूस कळसूत्री बाहुलीसारखा चालायचा, गाड्या नव्हत्याच, गेममधल्या मल्ड्रॉ गावाहून वेस्ट पॉइंटला पायी जायचं. मग डिसेंबर २०२१ ला बिल्ड ४१ पक्कं झालं आणि दमलेला माणूस दमलेला दिसायला लागला, शर्ट कुठे फाटला, पट्टी कुठे बांधली सगळं अंगावर दिसतं. माझ्यासाठी सगळ्यात मोठी सुधारणा हीच. नव्या बंदुकीचं कौतुक चार दिवस, पण हातावरचा चावा दिसला की अजून पोटात गोळा येतो. तुमचं सांगा.

फोंड्याची_मी
कोंबड्या!!! ४२ मध्ये जनावरं आल्यापासून मी झोम्बींच्या वाटेला जातच नाही, खुराडं साफ करा, अंडी गोळा करा, गाईचं दूध काढा. आई मागे उभी राहून बघत होती, म्हणाली अगं परसातल्या कोंबड्यांना कोण घालणार दाणे. आले गं, कुकर झाला

तिसऱ्यो
४१ चं मल्टिप्लेअर, म्हणजे एकत्र खेळणं. भाऊ बोटीवर असतो, सुट्टीवर आला की आम्ही दोघं रात्रभर. तो गाडी चालवणार, मी मागून डबे, खिळे, औषधं गोळा करणार. तो परत गेला तरी गेममधल्या घरात त्याच्या कपाटातल्या डब्यांना मी हात लावत नाही, भूक लागली तरी. ४२ डिसेंबर २०२४ ला अस्थिर शाखेत (चाचणीच्या आवृत्तीत) आलं तेव्हा त्यात मल्टिप्लेअर नव्हतं, म्हणून आम्ही ४१ वरच राहिलो

मांडवीकाठ
@तिसऱ्यो वाचून गलबलून आलं रे. कधी येतोय तो?

तिसऱ्यो
चवथीला, गणपतीत. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला तोच लागतो, आमच्या घरात उंच तोच

डिचोलीकर
मातीकाम कुणीच कसं नाही लिहिलं? आमच्याकडे कुंभारवाडा आहे, लहानपणापासून चाक फिरताना बघतोय, आणि ४२ मध्ये माती खणून आणा, भांडं घडवा, मग भट्टीत भाजा. लोहारकामही तसंच, आधी साधनं बनवा मग वस्तू. काहींना वेळखाऊ वाटतं, मला वाटतं जग बुडाल्यावर माणूस खरं तर हेच करेल. आधी नुसते लोकांच्या घरातले डबे फोडत बसायचो, डबे संपले की पुढे काय, त्याला आता उत्तर आहे

रात्रपाळी
तळघरं. ४२ चा काळोख म्हणजे काळोखच, टॉर्च हातात असूनही पायऱ्यांवर थबकतो मी. ब्रेकमधे लिहितोय नंतर सविस्तर

नवखा_वास्को
माझ्या जुन्या लॅपटॉपवर ४२ चालेल काय?

डिचोलीकर
आधी ४१ घाल बाबा. पहिल्या दिवशी खिडक्यांना चादरी लाव, पाऊस पकडायला पिंपं ठेव, ते पाणी उकळूनच पी. हेलिकॉप्टरचा आवाज आला की घरात

नवखा_वास्को
देव बरें करूं दादा 🙏

फोंड्याची_मी
परत आले. आईने विचारलंय, गावठी अंडी कुणाला हवीत का, खूप झालीत

रात्रपाळी
मला हवीत! म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात येता काय?

फोंड्याची_मी
एवढ्या लांब नाही हो, फोंड्याच्या मार्केटात या बुधवारी सकाळी