मूळ धोका न सांगता ‘दुप्पट’ छापावं का?

आकडेमोड
माझ्या मते अजिबात नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा आला : नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी जुन्या गोळ्यांच्या तुलनेत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. म्हणजे ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. मथळ्यांत उरलं ते ‘दुप्पट’. अनेकींनी गोळ्या तडकाफडकी सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गंमत (?) अशी, की गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

रात्रपाळी
गोळ्यांच्या बाबतीत छेद, म्हणजे ‘किती जणांमागे’ हा आकडा, हाताशी होता. साथीच्या सुरुवातीला तोच कच्चा असतो. ३ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की नोंद झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावले. चाचणी न झालेले सौम्य रुग्ण त्यात नाहीत, म्हणून टक्का फुगतो. उलट आज उपचार घेणाऱ्यांपैकी काही पुढे दगावणार असतात, म्हणून तो कमीही पडतो. तुमचा नियम पाळला तर त्या रात्री पान कोरं सोडायचं, आणि आकडा सकाळी व्हॉट्सॲपवरून पोहोचणार.

आकडेमोड
कोरं कशाला? ‘नोंद झालेल्यांपैकी’ एवढं मथळ्यात ठेवा. बहुतेकांनी नेमकं तेच गाळलं. आकडा कुठे सरकू शकतो आणि का, हे पहिल्या परिच्छेदात सांगा.

रात्रपाळी
म्हणजे वाचक म्हणणार, यांनाच धड माहीत नाही.

आकडेमोड
‘एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’ असा आकड्यांतला पल्ला दिला तर विश्वास थोडासाच घटतो, मोघम ‘कमी-जास्त असू शकतं’ म्हटल्यावर त्याहून जास्त. २०२० मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या प्रयोगांत हेच दिसलं.

शंकेखोर
छेद दिला की काम झालं, हेही मला पटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय औषध संस्थेने ॲस्ट्राझेनेका लशीनंतरच्या दुर्मीळ गुठळ्यांच्या ८६ नोंदी तपासल्या. त्यांत १८ मृत्यू. लस घेतलेले सुमारे अडीच कोटी. भागाकार केला की दहा लाखांमागे साडेतीनच्या आत, वाचक निश्चिंत. पण बहुतेक नोंदी साठीच्या आतल्या स्त्रियांच्या, लशीनंतर दोन आठवड्यांतल्या. तिशीतल्या बाईला ही सरासरी काय कामाची? तिला दोन आकडे शेजारी हवेत : तिच्या वयात लशीचा धोका आणि तिच्या वयात, सध्याच्या संसर्गात, कोविडने अतिदक्षता विभागात जाण्याचा. यातला दुसरा लाट ओसरली की खाली येतो, त्यामुळे मागच्या महिन्यातला तक्ता पुन्हा छापून भागत नाही.

रात्रपाळी
तक्ता मान्य. पण तो आतल्या पानावर जातो, आणि मथळा वाचून पान उलटणारेच जास्त.