सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मालवणला जावे का?

परतीचा प्रवासी:
नमस्कार. वडिलांच्या बदलीमुळे १९९६ ते १९९९ अशी तीन वर्षे आम्ही मालवणात, धुरीवाड्यात भाड्याच्या घरात राहत होतो. त्यानंतर तेथे एकदाही जाणे झाले नाही. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मालवणजवळच्या देवबागला चार दिवस उतरणार असून, शेवटच्या दिवशी सायंकाळी कुडाळहून परतीची गाडी आहे. त्या दिवशी सकाळी मुलांना मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला दाखवावा असे मनात आहे. मात्र ओळखीचे काहीच उरले नसेल तर चांगल्या गेलेल्या सुट्टीचा शेवट कडवट होईल, अशी धास्तीही वाटते. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

दांडीकर:
किल्ला शेवटच्या दिवसावर टाकू नये. बंदर जेटीवरून सुटणारी होडीसेवा पावसाळ्यात बंद असते आणि मेअखेरीस तिचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे देवबागला पोहोचल्यावर दुसऱ्याच सकाळी जाऊन यावे. सगळा तट चालायचा हट्ट नको. किल्ल्यातील शिवराजेश्वराचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मंदिराचे, दर्शन घ्यावे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी दाखवाव्यात. चहूकडे खारे पाणी असताना हे गोडे कसे, असे मुले आपणहून विचारतील.

शेवटची सकाळ मात्र चिवल्याच्या किनाऱ्यासाठी राखावी. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते, त्यामुळे चाकरमान्यांची सुट्टी सरते त्याच सुमारास दर्याचा हंगामही सरतो. होड्या वर ओढल्या जातात, जाळी सुकवून बांधली जातात आणि होड्यांवर झापांचे, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांचे, शाकार (छप्पर) चढू लागतात. आपण राहत होतात तेव्हाही मे असाच संपत असे. दुकानांच्या पाट्या बदलल्या आहेत, हे मान्य. पण पाट्या पाहायला आपण येणार नाही, असे समजतो.

माहेरवाशीण:
दांडीकरांशी सहमत आहे, पण घराविषयी त्यांनी काहीच लिहिले नाही आणि आपली खरी धास्ती तीच दिसते. माझ्या आजोळच्या घराचे लॉजिंग झाले आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मुले सोबत होती. त्यांना भूक लागली होती, मला रडू येत होते आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळता येत नव्हत्या. म्हणून घराकडे आपण एकट्याने, पायी जावे. तोवर मंडळींनी बाजारात खाजे घ्यावे; गुळाचे, आल्याचा झणका असलेलेच मागावे. कुडाळ सुमारे ३० किलोमीटर असले तरी सुट्टीच्या गर्दीत बाजारातून बाहेर पडायलाच वेळ लागतो, तेव्हा गाडीच्या वेळेआधी अडीच तास तरी निघावे.

परतीचा प्रवासी:
दोघांचेही आभार. दांडीकरांचे वाचताना होड्यांना चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आठवला. तो वास घेऊन घरी आलो की आई मला आधी न्हाणीघरात पाठवीत असे. किल्ला दुसऱ्या दिवशी करतो. धुरीवाड्यात मी एकटाच जाईन, आणि मुलांना चिवल्यावर तेल चोपडलेल्या होडीला खुशाल हात लावू देईन. कुडाळची गाडी गाठण्यापूर्वी त्यांना अंघोळ कोठे घालता येईल, तेवढे मात्र कोणी सुचवावे.