आरसे जोडले की कोळसा निम्मा वाचतो म्हणे!

खडूस_बॉयलरवाला: 'सूर्यपुत्र' यांनी परवा ठोकून दिलं की चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांभोवती आरसे उभारले तर कोळसा निम्म्यावर येईल, पण 'लॉबी' होऊ देत नाही. डोकंच फिरलं. आरशांनी ऊन एकवटून केलेली वाफ बॉयलरच्या वाफेइतकी तापत नाही. तिच्यावर बॉयलरला जाणारं पाणी तापवा, नाहीतर टर्बाइनला मधल्या टप्प्यावर द्या. पाणी तापवायला टर्बाइनमधून काढावी लागणारी वाफ वाचते, चार युनिटं जास्त निघतात. बस्स. ऑस्ट्रेलियात कोगन क्रीकच्या 750 मेगावॉटच्या संचाला 44 मेगावॉटची सौर जोड ठरली होती. सहा टक्के! तीही 2016 साली सोडून दिली.

सूर्यपुत्र: आरसेवाली अरेवा कंपनीच सौर धंद्यातून बाहेर पडली, ते बरं गाळलंत! अल्जीरियाचं हस्सी रमेल जोड केंद्र 2011 चं, 150 मेगावॉटमध्ये 25 सूर्याचे. फ्लोरिडात मार्टिन केंद्राला सूर्याचे 75 होते. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, लाइन सगळं आयतं, आणि सूर्य मावळला तरी केंद्र चालू.

खडूस_बॉयलरवाला: दोन्ही गॅसची केंद्रं आहेत हो. आणि हस्सी रमेल सहारात आहे.

चांदेकर: ऊन आमच्या चंद्रपुरातही कमी नाही, मे महिन्यात येऊन बघा. पण वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी केंद्राच्या राखेनं करडं होतं. आरसे रोज धुवायला पाणी कुठलं? आम्हाला प्यायला टँकर लागतो.

खडूस_बॉयलरवाला: उकाडा वेगळा, थेट किरण वेगळे. आरशाला थेट किरणच लागतात. ढगाळ हवेत पॅनल थोडी तरी वीज देतं, आरसा शून्य. म्हणजे पावसाळाभर आरसे रजेवर.

मृण्मयी_कोथरूड: सोलरचं नावच काढू नका. आमच्या सोसायटीत हीटर बसवले, बोअरच्या पाण्यानं नळ्यांत क्षार साचलेत. खालच्या मजल्यावर गरम पाणी येईस्तोवर बादलीभर गार वाहून जातं. अध्यक्ष म्हणतात, लवकर उठा!

गच्चीवाले_काका: गार झालेलं पाणी परत नेणारी रिटर्न लाइन टाकलीच नसेल. आमच्याकडे पंप लावून पाणी फिरतं ठेवलंय. क्षारांसाठी दरवर्षी डीस्केलिंग करून घ्या.

मृण्मयी_कोथरूड: पंपाचं बिल कोण भरणार, काका? वरच्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला त्रास नाही, आम्ही का द्यायचे!

गच्चीवाले_काका: मग रोज बादलीभर पाणी वाया घालवा. तुम्हा लोकांना सगळं फुकट हवं.

मृण्मयी_कोथरूड: 'तुम्हा लोकांना' म्हणजे?

सूर्यपुत्र: अहो, धागा वीजकेंद्राचा आहे!

जोधपूरहून_देशपांडे: वीजकेंद्राचंच सांगतो. आमच्याजवळ मथानियाला 140 मेगावॉटचं असंच जोड केंद्र ठरलं होतं. परदेशी अनुदान मंजूर झालं, पण केंद्र उभं राहिलं नाही. मग 2017 साली राजस्थानातच भडल्याला पॅनलच्या विजेची बोली युनिटला 2 रुपये 44 पैशांवर आली. आता आरसे कोण घेतो?

सूर्यपुत्र: पॅनल संध्याकाळी झोपतं, देशपांडेसाहेब. उष्णता साठवता येते. आणि लातूरला महानंद डेअरीत अरुण डिशवर, म्हणजे आरशांच्या मोठ्या तबकडीवर, दूध पाश्चराइझ केलं, ते विसरलात?

खडूस_बॉयलरवाला: ते मान्य, कारण तिथे उष्णताच हवी होती. डेअरीला, कापड गिरणीला आरसे लावा, मी नारळ फोडायला येतो. तेवढं 'निम्मा कोळसा' मात्र खोडा.

सूर्यपुत्र: बरं, सहा टक्के. खूश? 'लॉबी' खोडणार नाही.

मृण्मयी_कोथरूड: काका, डीस्केलिंगवाल्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. राग गेलेला नाही.