मदत हवी आहे: ऑर्डर पाठवताना टाइमआउट आला तर ती पुन्हा पाठवायची का?

नमस्कार मंडळी. आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या बॉटसाठी पायथनमध्ये सीसीएक्सटी लायब्ररी (अनेक क्रिप्टो एक्स्चेंजशी एकाच पद्धतीने जोडून देणारा तयार कोड) वापरून एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या एपीआयशी, म्हणजे प्रोग्रॅमने व्यवहार करायच्या सोयीशी, जोडणी केली आहे. भाव, कॅन्डल (ठरावीक काळातले भावाचे चढउतार), शिल्लक सगळं नीट येतं. एपीआय कीला पैसे काढायची परवानगी दिलेली नाही, त्यामुळे त्या बाजूने निर्धास्त आहे.

अडचण ऑर्डर टाकण्यापाशी आहे. मधूनच रिक्वेस्ट टाइमआउटचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याचा, एक्सेप्शन (एरर) येतो. सीसीएक्सटीत तो नेटवर्क एररच्या कुळातला, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याजोगा. भाव मागताना ते ठीकच आहे. पण ऑर्डरच्या बाबतीत एवढंच कळतं की उत्तर माझ्यापर्यंत पोचलं नाही. ऑर्डर तिकडे लागली की नाही, ते कळत नाही. डोळे मिटून पुन्हा पाठवली तर दुप्पट खरेदी व्हायची, आणि पैसे खरे आहेत!

माझा विचार असा: प्रत्येक ऑर्डरला आपणच क्लायंट ऑर्डर आयडी (आपल्या बाजूने ठरवलेली ओळखखूण) द्यायचा, तो आधी डेटाबेसमध्ये नोंदवायचा, मगच ऑर्डर पाठवायची. टाइमआउट आला की तो आयडी शोधायचा. नुसत्या चालू (अजून न भरलेल्या) ऑर्डरींत पाहून भागणार नाही, कारण मार्केट ऑर्डर (बाजारात मिळेल त्या भावाची) लगेच भरते आणि त्या यादीत दिसत नाही. शिवाय तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर काय करायचं, याचे नियम सगळ्या एक्स्चेंजचे सारखे नाहीत.

ज्यांचा बॉट खऱ्या पैशांवर चालतो त्यांनी कृपया सांगा: शोधण्याआधी किती थांबता? आणि काहीच सापडलं नाही, तर ऑर्डर लागलीच नाही असं धरता का?