गार्डिनर्स आयलंडवर ऑस्प्रे जमिनीवर घरटी का करतात?

नकाशावेडा:
अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला पूर्वेकडे जे दोन फाटे फुटतात त्यांच्या मधल्या पाण्यात हे बेट आहे, साधारण 3,300 एकर, आणि 1639 पासून एकाच घराण्याकडे. तिथे ऑस्प्रे चक्क जमिनीवर अंडी घालतात म्हणे. एवढा मोठा शिकारी पक्षी झाडाचा शेंडा सोडून खाली कशाला येईल? आणि तिथे पुरलेला कॅप्टन किड या समुद्री चाच्याचा खजिना खरा की थापा?

पाणकावळा:
अरे तिथे कोल्हे नाहीत, रॅकून नाहीत, अंडी पळवायला खालून कोणी येतच नाही, मग वर चढायचं कशाला. झाडांवरही असतात, पण किनाऱ्यावर काटक्यांचा ढीग रचला तरी भागतं. खरी गोष्ट पुढे आहे. 1940 च्या दशकात तिथे 300 च्या आसपास घरटी होती, 60 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 50 सुद्धा राहिली नाहीत. म्हणजे बेटावर बाहेरच्या माणसाला पाय ठेवायची बंदी, पण लाँग आयलंडच्या दलदलीत डासांसाठी डीडीटी फवारलं ते माशांतून थेट ऑस्प्रेच्या पोटात. कवच इतकं पातळ व्हायचं की मादी उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं पिचकायचं. डेनिस प्युलेस्टन हे पक्षीनिरीक्षक बरीच वर्षं ही घरटी बघत होते, त्यांनी न फुटलेली अंडी तपासायला दिली तर आत डीडीटी. 1966 मध्ये ही फवारणी करणाऱ्या सफोक काउंटीला (तिथला जिल्हा) कोर्टात खेचलं, देशभर बंदी यायला 1972 उजाडलं.

जुनी_वही:
खजिना खराच. 1699 ला किडने तो मालक जॉन गार्डिनरला सांगून पुरला, म्हणजे चाच्याची पण काय रीतभात बघा :) किड पकडला गेल्यावर गार्डिनरला सगळा माल गव्हर्नरकडे जमा करावा लागला, तो पुरावा म्हणून इंग्लंडला गेला आणि 1701 ला किडला फाशी. त्यामुळे आता तिथे खणून काही मिळेल असं मला तरी वाटत नाही. अजून एक, अमेरिकेचा अध्यक्ष जॉन टायलरची दुसरी बायको ज्युलिया याच घराण्यातली, जन्मही बेटावरचाच.

नकाशावेडा:
भारीच. मग बघायला जाता येतं का?

पाणकावळा:
नाही, परवानगीशिवाय उतरताच येत नाही. बोटीतून लांबून दुर्बीण लाव. आणि हिवाळ्यात जाऊ नकोस, ऑस्प्रे तेव्हा दक्षिणेला गेलेले असतात.